वऱ्हाडातील वैयक्तिक दिवाळखोरी आणि हिशेब-तपासणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'दिवाळखोरी' हा शब्द उच्चारताच बुडालेल्या बँका, बंद पडलेल्या गिरण्या आणि कंपन्या डोळ्यांसमोर येतात. परंतु कर्जात बुडालेली एकटी व्यक्ती न्यायालयापुढे उभी राहून आपल्याजवळ देण्यासारखे काही उरले नसल्याचे सांगते, ही गोष्टही नवी नाही. जुन्या मराठीत अशा व्यक्तीला 'नादार' आणि तिच्या स्थितीला 'नादारी' म्हणत. नादारीचे संरक्षण मागणाऱ्याला प्रथम हिशेबाच्या तपासणीस सामोरे जावे लागे. ही तपासणी कशी होत असे, तीत काय पाहिले जाई आणि मुख्य म्हणजे कोणाची वही तपासली जाई, या प्रश्नांचा अमरावती-अकोला परिसराच्या संदर्भात विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वऱ्हाडातील कर्ज आणि वही

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी जमाबंदी झाली. जमीन खातेदाराच्या नावे लागली आणि ती विकता व गहाण टाकता येऊ लागली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला. १८६७ मध्ये वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि अकोला, खामगाव, अमरावती येथील कापूस थेट मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. विकता येण्याजोगी जमीन आणि विकता येण्याजोगे पीक अशा दोन्ही गोष्टी हाती आल्याने कास्तकाराची पत वाढली आणि पतीबरोबर कर्जही वाढले.

हे कर्ज प्रामुख्याने सावकाराच्या वहीत नोंदले जाई. रोजकीर्द आणि खातेवही सावकाराच्या पेढीवर असत, त्यांचे पूजन दिवाळीला होई. कास्तकाराच्या घरी मात्र कागद नसे. बियाणे सवाई-दिढीने उचलायचे, तगाद्याला कापूस घालायचा आणि उरलेली बाकी पुढील वर्षी नव्या मुदलात मिळवून नव्या खतावर अंगठा उठवायचा, असा क्रम चाले. वही अनेकदा मोडीत किंवा मारवाडी लिपीत असल्याने साक्षर कुळालाही ती वाचता येईलच असे नव्हते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी ही बाकी फुगवली. तात्पर्य, देणे एकाचे आणि त्याची नोंद दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था होती.

नादारीचा कायदा व तपासणीचे टप्पे

१८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नादारीविषयी एक प्रकरण होते. त्याचा आधार मुख्यतः हुकूमनाम्याच्या बजावणीत अटक झालेल्या ऋणकोला मिळे. स्वतंत्र असा प्रांतिक नादारी कायदा १९०७ मध्ये झाला आणि त्याची जागा १९२० च्या पाचव्या अधिनियमाने घेतली. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला असला तरी त्यावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते वेगळ्या आदेशांनी लागू करावे लागत. हा गुंता १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमाने बऱ्याच अंशी सुटला.

१९२० च्या कायद्यानुसार किमान पाचशे रुपयांचे देणे असलेली, अथवा हुकूमनाम्यापायी अटक किंवा जप्तीला तोंड देणारी व्यक्ती अर्ज करू शकत होती. अर्जात सर्व देणी, धनकोंची नावे व ठिकाणे आणि आपली संपूर्ण मालमत्ता नमूद करावी लागे. अर्ज दाखल होताच हिशेबाच्या सर्व वह्या न्यायालयात हजर करण्याचे बंधन कलम २२ ने घातले होते. सुनावणीच्या वेळी न्यायालय ऋणकोची त्याच्या वर्तनाविषयी, व्यवहारांविषयी व मालमत्तेविषयी तपासणी करी. धनको समोर बसलेले असत आणि त्यांनाही प्रश्न विचारण्याची मुभा असे.

नादारी जाहीर झाल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाई. दिवाणी संहितेने जप्तीतून वगळलेल्या वस्तू, उदाहरणार्थ शेतीची अवजारे, शेतीस आवश्यक गुरे व बियाणे आणि शेतकऱ्याचे राहते घर, त्यातून सुटत. त्यानंतर रिसीव्हर मागे वळून पाही. नादारीपूर्वीच्या दोन वर्षांत पुरेशा मोबदल्याशिवाय मालमत्ता कोणाच्या नावे केली आहे काय, आणि अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्याच धनकोचे देणे त्याला झुकते माप देण्यासाठी भागवले आहे काय, हे दोन प्रश्न त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असत. असे व्यवहार रद्द होऊ शकत. भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावे घाईने केलेले खरेदीखत येथे अडचणीत येई.

शेवटचा टप्पा ऋणमुक्तीचा. मालमत्ता विनातारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, किंवा नादारीपूर्वीच्या तीन वर्षांत व्यवसायाला साजेशा वह्या ठेवल्या नसतील, तर बिनशर्त ऋणमुक्ती नाकारण्याची तरतूद कलम ४२ मध्ये होती. ज्या परिस्थितीबद्दल आपल्याला जबाबदार धरता येणार नाही, तिच्यामुळे मालमत्ता घटली हे पटवून दिल्यास पहिल्या कारणातून मात्र सुटका होई. खोट्या नोंदी करणे, वह्या नष्ट करणे किंवा दडवणे यांसाठी एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होती. याउलट, प्रामाणिकपणे सर्व काही उघड करणाऱ्यास अटकेपासून संरक्षण आणि अखेरीस बहुतेक देण्यांतून मुक्तता मिळू शके. तपासणीचा हेतू केवळ शिक्षेचा नव्हता. दुर्दैवी ऋणको आणि लबाड ऋणको यांच्यात फरक करणे हे तिचे मूळ प्रयोजन होते.

तपासणी कोणाच्या वहीची?

ही रचना व्यापाऱ्यासाठी सुसंगत होती. अमरावतीच्या कापूस बाजारातील अडत्याला स्वतःची वही होती आणि तिच्या आधारे तो आपली बाजू मांडू शकत होता. कास्तकाराची गोष्ट निराळी होती. 'व्यवसायाला साजेशा वह्या' या शब्दांचा उदार अर्थ लावून न्यायालय त्याला वही नसल्याचा दोष कदाचित देणार नाही. परंतु त्याची खरी अडचण दोषाची नव्हती, पुराव्याची होती. धनकोने प्रतिज्ञापत्र व त्यासोबत हिशेबाचा तपशील दिला की त्याचे येणे सिद्ध करण्याचा मार्ग खुला होई. ती नोंद चुकीची आहे असे वाटल्यास कोणीतरी तसे दाखवून द्यावे लागे. ज्याच्याजवळ पावतीचा कपटाही नाही, तो ते कशाच्या आधारे दाखवणार?

केवळ वहीतील नोंदीवरून कोणावरही देणे लादता येणार नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १९१८ च्या अवाजवी व्याजाच्या कर्जांविषयीच्या कायद्याने नादारीच्या कामातही जुने व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार न्यायालयाला दिला होता. तथापि वहीतील नोंदीला नूतनीकरण केलेल्या खतावरील अंगठ्याची जोड मिळाली की पहिले तत्त्व दुबळे ठरे, आणि दुसरा अधिकार न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून होता.

तुलनेसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे पाहता येईल. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांजवळील खते व कागद यांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासण्याचे कर्तव्य न्यायालयावर टाकले. तो कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. वेगळ्या प्रशासनाखालील वऱ्हाडच्या कास्तकाराला त्याचा लाभ मिळाला नाही.

१९३३ नंतरचे वळण

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि जुनी देणी फेडणे अशक्य झाले. या पार्श्वभूमीवर मध्य प्रांतात १९३३ चा कर्ज-समेट कायदा आला. वऱ्हाडात तो 'कर्ज लवाद कायदा' म्हणून ओळखला गेला आणि १९३० ते १९३३ या काळात प्रांताचे मंत्री असलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. या कायद्याने मंडळापुढे धनकोलाही बोलावले. ठरल्या मुदतीत त्याने आपल्या येण्याचे विवरण सादर केले नाही, तर ते देणे फिटले असे मानले जाई. १९३४ च्या सावकारी कायद्याने प्रत्येक ऋणकोचे स्वतंत्र खाते ठेवणे आणि त्याला नियमितपणे हिशेबाचा उतारा देणे सावकारावर बंधनकारक केले. ते न करणाऱ्याला व्याज नाकारण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. पंजाबात १९३० मध्ये असाच कायदा झाला होता. १९३९ च्या कर्जनिवारण कायद्याने समेट मंडळांऐवजी कर्जनिवारण न्यायालयांची व्यवस्था केली.

या कायद्यांनी कर्जाचा प्रश्न संपवला, असे म्हणता येणार नाही. परंतु एक मूलभूत बदल निश्चितच घडला. नादारीच्या कायद्यात वही दाखवण्याचा भार ऋणकोवर होता. आता तो जो वही लिहितो त्याच्यावर आला.

वर्तमान संदर्भ

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. अमरावती किंवा अकोल्यातील सामान्य ऋणकोसाठी १९२० चाच कायदा मागे राहिला, आणि त्यासोबत वह्या हजर करण्याचे, दोन वर्षांचे व तीन महिन्यांचे व्यवहार तपासण्याचे नियमही. दुसरीकडे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने निबंधकांना सावकाराचे दप्तर तपासण्याचे आणि सावकारीच्या ओघात गेलेली स्थावर मालमत्ता परत देण्याविषयी चौकशीचे अधिकार दिले. २००६ मध्ये पंतप्रधानांचे मदत पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झाले त्यांत अमरावती व अकोला होते, हे लक्षात घेता या दोन कायद्यांतील अंतर केवळ अभ्यासाचा विषय राहत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वैयक्तिक नादारीतील हिशेब-तपासणी ही ऋणकोच्या नीतीची परीक्षा होती, आणि लपवाछपवी न करणाऱ्याला तिचे भय बाळगण्याचे कारण कमी होते. दुसरी, ही परीक्षा ज्याच्याजवळ कागद आहे त्यालाच न्याय देऊ शकत होती. तिसरी, वऱ्हाडात खरा दिलासा आला तो तपासणी सौम्य झाल्याने नव्हे, तर ती दोन्ही पक्षांना लागू झाल्याने. म्हणूनच पावती मागून घेणे आणि ती जपून ठेवणे ही साधी गोष्ट कास्तकाराच्या दृष्टीने कायद्याच्या कोणत्याही कलमाइतकीच महत्त्वाची ठरते. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांनी जिल्हा न्यायालयांतील जुन्या नादारी प्रकरणांकडे या दृष्टीने वळल्यास, सावकाराच्या वहीत कधीच न उमटलेली कास्तकाराची बाजू त्याच्या जबानीतून वाचता येईल.