अलिबागेच्या वाळूतला इतिहास

दिवाळीचा फराळ सरत आला, मुलांच्या फुलबाज्या संपल्या, की मुंबई-पुण्याच्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो: आता जायचे कुठे? पाऊस उलगडलेला असतो, खाचरांत भाताचे भारे पडलेले असतात आणि कोकणचा दर्या आषाढातला संताप विसरून निवांत झालेला असतो. अशा वेळी बऱ्याच बिऱ्हाडांच्या तोंडी अलिबागचे नाव येते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावर मोटारीसकट बोटीत चढून मांडव्याला उतरण्याची सोय झाल्याने मंडळींचा उत्साह वाढला आहे. अलिबागेत मुक्काम ठेवावा, रोज सकाळी मोटार काढावी, एखादा किनारा पाहावा आणि रात्रीच्या जेवणाला परतावे, हा माझाही वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

उत्तरेला थळ आणि दक्षिणेला मुरूड. मधला रस्ता साठ किलोमीटरांच्या आतलाच. पण सतराव्या-अठराव्या शतकांत एवढ्याशा पट्टीत आणि तिच्या उंबरठ्यावर मराठे, इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी असे चौघे एकमेकांवर डोळा ठेवून बसले होते. हा समुद्र कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे याच वाळूवर ठरले. मुलांना वाळूचा किल्ला करू द्यावा. पण समोर पाण्यात उभा आहे तो किल्ला कोणाचा, हेही सांगावे.

आरंभ थळपासून करावा. किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केले आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली, कारण मुंबई बंदराच्या तोंडाशीच महाराजांनी बोट ठेवले होते. मायनाक भंडारी मूठभर माणसांनिशी बेट धरून बसला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण मराठ्यांच्या होड्या हलक्या होत्या. उथळ पाण्यातून आणि काळोखातून त्या रसद घेऊन निसटत आणि सकाळी पाहावे तो तट आणखी हातभर वर चढलेला असे! अखेर इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी बळकावली. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ही खांदेरी आहे.

अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला तर पायी जाण्याजोगा. अट एवढीच, की ओहोटी हवी. जुनी कोळी मंडळी यासाठी एक हिशेब सांगतात: तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला भरती सुमारे तीनची, म्हणजे सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. पंचांग घरात असले म्हणजे झाले! हा किल्ला कान्होजी आंग्र्यांचे मुख्य ठाणे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकजुटीने तो घ्यायचा घाट घातला. तेव्हा पेशवा बाजीराव कान्होजींच्या मदतीला फौज घेऊन आला. पोर्तुगीजांनी बाजू ओळखली आणि १७२२ च्या आरंभी इंग्रजांना वगळून मराठ्यांशी तह केला. तो तह वर्सोलीचा. आज जिथे मुले उंटावर बसण्यासाठी हट्ट धरतात, तेच हे वर्सोली. हे नाव ध्यानात ठेवा, शेवटी त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

दक्षिणेची वाट धरली, की पाचेक किलोमीटरांवर आक्षी लागते. इथला शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत मोजला जातो. लेकराबाळांना तो जरूर दाखवावा. आपली भाषा हजार वर्षांची आहे, हे दगडच सांगू शकतो.

पुढे चौल आणि रेवदंडा. चौल हे ग्रीक भूगोलकारांनाही ठाऊक असलेले बंदर. रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात इथेच उतरला. १५०८ साली इथल्या खाडीत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदा याचा मुलगा इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तट घातला, पलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारला आणि १७४० पर्यंत पाय रोवले. वसई पडल्यावर मात्र ही ठाणी त्यांना मराठ्यांच्या हाती द्यावी लागली. आज माडांच्या गर्दीत पडके तट उभे आहेत. व्यापार केव्हाच मुंबईला गेला.

पण कोर्लईत एक गोष्ट उरली आहे. राज्य गेले, तट ढासळले, तरी गावातली ख्रिस्ती कुटुंबे आजही एक पोर्तुगीज बोली बोलतात. तिला ती ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द पोर्तुगीज, वाक्य मात्र मराठीच्या वळणाचे, क्रियापद शेवटी! भाषा शेजाऱ्याकडून किती सहज वळण घेते, याचा एवढा गोड पुरावा मला दुसरीकडे आढळलेला नाही.

काशीदला शुभ्र वाळू आणि सुरूची बने. तिथे इतिहास बाजूला ठेवून खुशाल पाय भिजवावेत. मग मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात जाता येते. सिद्दीला शह द्यायला महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला. संभाजीराजांनी १६८२ साली समुद्रात भराव टाकून वाट करू पाहिली. मोगली फौजांनी त्यांना मागे खेचले आणि जंजिरा अजिंक्य राहिला. ते संस्थान १९४८ सालीच विलीन झाले.

आता वर्सोलीकडे परतू. कान्होजी १७२९ साली वारले. मुलांत भाऊबंदकी माजली. आरमार कुलाबा आणि विजयदुर्ग असे दुभंगले. विजयदुर्गचा तुळाजी पेशव्यांना जुमानीना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले. बापाने ज्या इंग्रजांपासून आंग्र्यांना राखले, त्यांच्याच हाती मुलाने कोलीत दिले. मध्ये अवघी चौतीस वर्षे! तुळाजी उद्दाम होता, हे मान्य. पण घरचा दांडगट आवरायला शेजारचा चोर बोलावला, की घर कोणाचे राहते?

विजयदुर्ग अलिबागेहून एका दिवसात उरकणारा नाही. त्याची वेगळी सुट्टी काढावी. मात्र त्या कथेचा आरंभ वर्सोलीच्या वाळूत आहे आणि तो बिऱ्हाडापासून दोन किलोमीटरांवर आहे.