काळ्या दगडाची साक्ष

लोणारचे सरोवर पाहण्यास दूरदूरचे लोक आपल्या बुलढाणा जिल्ह्यात येतात. पण ते विवर ज्या काळ्या दगडात पडले, त्याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. हाच दगड आपण विहिरीला, घराच्या जोत्याला आणि रस्त्याच्या खडीला वापरतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून निघालेला लाव्हा थरावर थर साचून तो बनला. त्यात लोहयुक्त खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा सुमारे ५८० अंश सेल्सियसच्या खाली निवला की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरतात आणि ती दगडात टिकून राहते.

हे क्षेत्र येते कोठून? पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, असे गिल्बर्ट यांनी १६०० साली प्रतिपादन केले. तथापि तिच्या पोटात चुंबकाची कांब पुरलेली नाही. आम्ही शिक्षक फळ्यावर तशी आकृती काढतो ती केवळ सोयीसाठी. सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा गाभा सुरू होतो. आतली उष्णता बाहेर पडताना ते लोखंड ढवळले जाते, पृथ्वीच्या फिरण्याने प्रवाहांना वळण मिळते, आणि त्यांतून वीज व चुंबकत्व निर्माण होते. हे प्रवाह विस्कटले की क्षेत्र दुबळे होते आणि कधी कधी उलट्या दिशेने पुन्हा उभे राहते. पृथ्वी पालथी होत नाही, आणि या बदलाला हजारो वर्षे लागतात.

उलटे चुंबकत्व असलेला लाव्हा फ्रान्समध्ये ब्रुन्हेस यांनी १९०६ साली दाखविला. जपानच्या मातुयामा यांनी १९२९ साली पृथ्वीचे क्षेत्रच पूर्वी उलटे होते असे मांडले. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधक आपल्या दख्खनच्या दगडाकडे वळले. मुंबईच्या संशोधकांत सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती होते. महाबळेश्वराच्या घाटात खालचे थर उलटे आणि माथ्याकडचे सुलटे आढळतात, म्हणजे लाव्हा साचत असतानाच क्षेत्र पालटले!

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. आज आपल्याकडे मोकळ्या टांगलेल्या चुंबकसूचीचे उत्तर टोक खाली झुकते. दख्खनच्या सुलट्या थरांत मात्र ती दिशा वर चढलेली सापडली, आणि तसे फक्त विषुववृत्ताच्या दक्षिणेस घडते. म्हणजे हा दगड निवला तेव्हा आपली भूमी दक्षिण गोलार्धात होती. खंड सरकतात हे वेगेनर यांचे १९१२ सालचे मत त्या काळी बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हते. त्याच्या बाजूने आपल्या दगडाने अशी साक्ष दिली.

शेवटची उलटापालट सुमारे ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वीची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार लोणारचा आघात सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे ती उल्का कोसळली तेव्हा उत्तर दिशा आजच्याच बाजूला होती.