बाळकुम

ठाणे शहराच्या ईशान्येला उल्हास खाडीच्या काठी वसलेले जुने कोळी-आगरी गाव. ठाणे रेल्वे स्थानकापासून अंतर सुमारे ५ किमी. कापूरबावडीहून भिवंडीकडे निघालेला जुना आग्रा रस्ता बाळकुम नाक्यावरून पुढे जातो आणि कशेळीच्या पुलावर खाडी ओलांडतो.

गाव घडवले ते खाडीने. उल्हास नदीचा अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. मुख्य प्रवाह मात्र बाळकुम, कोलशेतवरून उत्तरेला जाऊन घोडबंदरमार्गे वसईजवळ समुद्र गाठतो. त्यामुळे समुद्र नजरेत नसला तरी भरती-ओहोटी गावाच्या उशाशी असते, पाणी मचूळ आणि काठाला तिवरांचे बन. बोईट, कोळंबी, चिखलातले निवटे, तिवरांतल्या चिंबोऱ्या यांवर इथल्या कोळ्यांच्या पिढ्या जगल्या. रेतीउपसा, कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी यांनी ही मासेमारी खालावली. हे नुकसान गावाच्या कोणत्याही प्रगतीच्या हिशेबात धरले गेलेले नाही.

हवामान उष्ण व दमट. वार्षिक पाऊस सुमारे २,५०० मिमी, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमधला. बाळकुमला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुखाचा काळ. पावसाळ्यात मुसळधार सर आणि उधाणाची भरती एकत्र आली की नाल्यांचे पाणी उलटे फिरून सखल वस्तीत शिरते.

ठाणे ज्या साष्टी बेटावर आहे, त्याचाच इतिहास गावाचाही: पोर्तुगीज अंमल, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेले ठाणे, १७७४ अखेर इंग्रजांचा ताबा. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली आणि भोवतालच्या खेड्यांबरोबर बाळकुमही शहरात आले. पुढे शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. करोनाच्या साथीत, २०२० साली, इथे सुमारे हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारले गेले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या आराखड्यात बाळकुम नाका हे स्थानक आहे.

पर्यटन असे अजून नाहीच. उल्हास-वसई खाडी राष्ट्रीय जलमार्ग ५३ मध्ये येते, आणि कोलशेत व काल्हेरच्या धक्क्यांवरून प्रवासी बोटी चालल्या तर बाळकुमच्या काठालाही माणसे येतील. बाळकुम ते गायमुख असा सुमारे १३ किमीचा खाडीकिनारा मार्गही आखलेला आहे. तो बांधताना तिवरे राखावीत, आणि होड्या लावायला व जाळी वाळवायला कोळ्यांची जागा मोकळी सोडावी.