बूमरँग म्हणजे काय? ते परत कसं येतं आणि त्याच्या डिझाइनच्या स्पर्धा कशा होतात?

फोनवर ‘बूमरँग’ असं सर्च करून बघा. आधी काय येतं? इन्स्टाग्रामचे ते पुढे-मागे हलणारे छोटे व्हिडिओ, जे २०१५ साली आले. त्यानंतर मराठी बातम्या, ‘विरोधकांचा डाव त्यांच्यावरच बूमरँग’ वगैरे. म्हणजे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, पण खरं लाकडी बूमरँग हातात धरलेला माणूस आपल्याकडे क्वचितच भेटतो.

जगात मात्र या वस्तूची एक मोठी हौशी मंडळी आहे. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, जपान अशा देशांत यांचे क्लब आहेत, जागतिक स्पर्धा होतात, नवनवीन डिझाइन्स येतात आणि डिझाइन कोणाचं यावरून वादही होतात. हे सगळं काय आहे ते या लेखात बघूया.

आधी एक गैरसमज काढून टाकू

सगळीच बूमरँग परत येत नाहीत. ऑस्ट्रेलियातले आदिवासी शिकारीसाठी जे वापरायचे, ते बहुतेक परत न येणारे, जड आणि सरळ जाणारे होते. साधी गोष्ट आहे, शिकारीला लागलेली काठी परत कशी येणार? परत येणारी हलकी बूमरँग खेळासाठी, सरावासाठी आणि काही ठिकाणी पक्ष्यांच्या थव्याला जाळ्याकडे वळवण्यासाठी वापरली जायची. हा शब्दही सिडनीच्या आसपासच्या धारुग भाषेतून इंग्रजीत आला, असं मानतात.

दक्षिण ऑस्ट्रेलियात वायरी स्वॅम्प नावाच्या दलदलीत सापडलेली लाकडी बूमरँग सुमारे १०,००० वर्षं जुनी आहेत. पण ही कल्पना फक्त तिथलीच नाही. इजिप्तच्या तुतानखामेनच्या थडग्यात अशा फेकायच्या काठ्या मिळाल्या. आपल्या शेजारी तमिळनाडूत ‘वळरी’ नावाचं वक्र हत्यार होतं. आणि पोलंडमधल्या एका गुहेत १९८५ साली मॅमथच्या सुळ्यापासून बनवलेलं बूमरँग सापडलं होतं. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वय पुन्हा मोजलं, तर ते जवळजवळ ४०,००० वर्षं निघालं. या छंदातली अलीकडची मोठी बातमी विचाराल तर माझ्या मते हीच. तेही परत न येणारंच आहे बरं का.

परत येतं ते कसं?

इथे जरा थांबून वाचा. हे एकदा समजलं की स्पर्धा आणि डिझाइन दोन्ही समजतात.

बूमरँगचा प्रत्येक हात म्हणजे विमानाचा छोटा पंख. खालची बाजू सपाट, वरची फुगीर, पुढची कड गोल आणि मागची कड पातळ. आपण ते आडवं फेकत नाही, जवळजवळ उभं धरून फेकतो. ते पुढेही जात असतं आणि स्वतःभोवती गरगर फिरतही असतं.

समजा ते ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने पुढे चाललंय, आणि फिरण्यामुळे पंखाच्या टोकाला सेकंदाला १५ मीटर वेग मिळतोय. जो पंख त्या क्षणी वर आहे तो पुढच्या दिशेने फिरतोय, म्हणून हवेतून त्याचा वेग २० अधिक १५, म्हणजे ३५. खालचा पंख मागे फिरतोय, त्याचा वेग २० वजा १५, म्हणजे फक्त ५. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून वरच्या टोकावर खालच्यापेक्षा कितीतरी जास्त रेटा बसतो.

मग बूमरँग आडवं कलंडून पडायला हवं ना? पण ते फिरतंय. फिरत्या वस्तूला एका बाजूने ढकललं तर ती त्याच बाजूला पडत नाही, तिचा परिणाम पाव फेरी पुढे दिसतो. भोवरा तिरका झाला तरी पडत नाही, उलट गोल डोलत राहतो, ते याचमुळे. चालत्या सायकलचे हँडल सोडून अंग डावीकडे झुकवलं की चाक डावीकडे वळतं, त्यातही याचा वाटा असतो. बूमरँगचंही तसंच. वरचा रेटा त्याला पाडत नाही, वळवतो. सतत वळत राहिलं की वर्तुळ पूर्ण होतं.

हे नीट मांडलं ते फेलिक्स हेस या डच संशोधकाने. १९६८ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याचा लेख आला आणि १९७५ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठात याच विषयावर त्याचा जाडजूड प्रबंध. बूमरँगवर छोटे दिवे लावून अंधारात त्याचा मार्ग कॅमेऱ्यात टिपायचा, असे प्रयोग त्याने केले. लाँग एक्सपोजर फोटो म्हणतो ना आपण, तेच.

गुरुत्वाकर्षण नसेल तर? तरी परत येतं. मार्च २००८ मध्ये जपानी अंतराळवीर ताकाओ दोई यांनी अंतराळ स्थानकात कागदी बूमरँग फेकलं आणि ते त्यांच्याकडे परत आलं. तिथे हवा आहे, म्हणून काम झालं. बाहेर पोकळीत फेकलं असतं तर गेलं ते गेलंच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हेसच्या गणितातून दिसतं की वर्तुळ किती मोठं होणार हे मुख्यतः बूमरँगच्या वजनावर, वजन कुठे आहे त्यावर आणि पंखाच्या आकारावर ठरतं. जोरात फेकलं म्हणून ते फारसं लांब जात नाही, फक्त फेरी लवकर पूर्ण करतं. म्हणजे लांबी तुमच्या दंडात नसते, डिझाइनमध्ये असते. क्रिकेटच्या सवयीने ‘जोर लाव’ म्हणणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो.

म्हणून प्रत्येक स्पर्धा ही डिझाइनची स्पर्धा असते

अमेरिकेत हा छंद वाढला तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेमुळे. तिथे बेन रूही यांनी बूमरँगच्या कार्यशाळा आणि स्पर्धा भरवल्या. पुढे १९८० मध्ये अमेरिकन संघटना उभी राहिली. आता जागतिक स्पर्धा साधारण दर २ वर्षांनी वेगवेगळ्या देशांत होते, २००८ ची सिएटलला झाली, २०१० ची रोमला.

स्पर्धेत एकच खेळ नसतो. आणि एका बूमरँगने सगळे खेळ जिंकता येत नाहीत. बरेच स्पर्धक आपली बूमरँग स्वतः बनवतात किंवा स्वतः ‘ट्यून’ करतात, त्यामुळे खरी चुरस मैदानाच्या आधी घरच्या टेबलावर सुरू होते.

‘फास्ट कॅच’ घ्या. बूमरँग किमान २० मीटर जाऊन परत यायला हवं, झेलायचं, लगेच पुन्हा फेकायचं, असं ५ वेळा. कमीत कमी वेळ ज्याचा तो जिंकला. अमेरिकेच्या अॅडम रुफने १९९६ मध्ये हे १४.६० सेकंदांत केलं होतं, म्हणजे एका फेरीला ३ सेकंदसुद्धा नाहीत. यासाठी ३ पंखांची, छोटी, घट्ट वळणारी बूमरँग लागतात. २० मीटरची रेषा जेमतेम ओलांडेल इतकंच जाणारं बूमरँग बनवायचं, २२ मीटर गेलं तरी वेळ वाया.

याच्या अगदी उलट ‘एमटीए’, म्हणजे हवेत जास्तीत जास्त वेळ राहणं. इथे लांब हातांचं, हलकं, थोडं वाकड्या आकाराचं बूमरँग वर जातं आणि हेलिकॉप्टरसारखं गिरक्या घेत सावकाश खाली येतं. साधारण अर्धा मिनिटसुद्धा चांगला मानतात. पण १९९३ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात जॉन गोर्स्कीचं बूमरँग वर जाणाऱ्या गरम हवेत सापडलं आणि १७ मिनिटं ६ सेकंदांनी खाली आलं. घारी पंख न हलवता ज्या हवेवर चढतात, तीच ही हवा. आणि गोर्स्कीने ते झेललंही!

लांब पल्ल्याचा प्रकार वेगळाच. स्वित्झर्लंडच्या मानुएल शुट्झने १९९९ मध्ये २३८ मीटर लांब जाऊन परत येणारी फेक केली. अशा बूमरँगमध्ये टोकांकडे शिसं बसवतात आणि पंख पातळ ठेवतात, म्हणजे ते उशिरा वळतं. परत येण्याची अटच काढली तर? ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड शमीने २००५ मध्ये ४२७.२ मीटर फेकलं होतं.

बाकी नेम धरण्याची स्पर्धा असते. आपण मध्ये उभे, भोवती वर्तुळं आखलेली, बूमरँग जितकं मध्याजवळ पडेल तितके गुण. दोन बूमरँग एकदम फेकून दोन्ही झेलण्याचीही असते, ती बघायला सगळ्यात मजा येते. काही मेळाव्यांत दिसण्यालाही बक्षीस असतं. इंग्रजी अक्षरांच्या, प्राण्यांच्या आकाराची बूमरँग लोक आणतात, आणि अट एकच, ते उडून परत आलं पाहिजे.

ट्यूनिंगची हत्यारं ऐकाल तर हसाल. रबर बँड, सेलोटेप, नाणी. वारा जास्त असेल तर पंखाला रबर बँड गुंडाळायचा, हवेचा अडथळा वाढतो आणि बूमरँग वेग मारत डोक्यावरून निघून जात नाही. लांब जायला हवं तर टोकाला नाणं चिकटवायचं. पंखाचं टोक किंचित वर वाकवलं तर ते लवकर आडवं होऊन तरंगतं. एक कागदाचा तुकडा इकडचा तिकडे झाला की उड्डाण बदलतं.

थ्रीडी प्रिंट, फाइल आणि डिझाइन कोणाचं?

पूर्वी बर्च लाकडाचं पातळ थरांचं प्लायवुड, कानस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर काम व्हायचं. अजूनही होतं. आता त्यात कार्बन फायबर आलं, प्लास्टिक आलं आणि थ्रीडी प्रिंटिंग आलं. थिंगिव्हर्स, प्रिंटेबल्स अशा साइटवर बूमरँगच्या फाइल्स मिळतात. फाइल उतरवा, प्रिंट करा, फेका. डावखुऱ्यांनी मात्र लक्ष द्या, तुम्हाला आरशातली उलटी प्रतिमा लागते. स्लायसर अॅपमध्ये ‘मिरर’ दाबलं की झालं. उजव्या हाताचं बूमरँग डाव्या हाताने फेकून ते चालत नाही म्हणून टाकून देऊ नका. आणि पीएलए प्लास्टिक ठिसूळ असतं, दगडावर आपटलं तर तुकडे होतात.

पण फाइल फुकट मिळाली म्हणजे ती आपली झाली का? प्रत्येक फाइलखाली परवाना लिहिलेला असतो. कुठे ‘मूळ डिझायनरचं नाव द्या’ असतं, कुठे ‘विकू नका’. स्पर्धेत दुसऱ्याचं डिझाइन स्वतःच्या नावाने लावणं या छोट्या मंडळीत लगेच ओळखू येतं, कारण पंखाचा आकार ही सहीसारखीच गोष्ट आहे.

आणि याच्याही आधीचा एक मोठा प्रश्न आहे, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बूमरँगवरची ठिपक्यांची आणि रेघांची चित्रं ही ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांची परंपरा आहे. त्यातल्या काही नक्ष्या विशिष्ट कुळांच्या कथांशी जोडलेल्या असतात. पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या वस्तूंत मात्र हे सर्रास नकली बनवलं जातं. बिरुबी आर्ट नावाच्या कंपनीने इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि इतर वस्तू ऑस्ट्रेलियन आदिवासींनी हाताने बनवल्यासारख्या दाखवून विकल्या. अशा १८,००० पेक्षा जास्त वस्तू विकल्या गेल्या होत्या. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने तिला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याआधी २०१७ मध्ये शनेल या फॅशन ब्रँडने १,३२५ अमेरिकन डॉलरचं बूमरँग विकायला काढलं, तेव्हाही आदिवासी समाजातून जोरदार टीका झाली. ज्यांची वस्तू, त्यांच्या हातात काहीच नाही, असा तो राग होता.

यात मला काही गुंतागुंत वाटत नाही. उडण्याचं शास्त्र सगळ्यांचं आहे, वारली चित्रांप्रमाणे त्यावरची नक्षी मात्र कोणाची तरी आहे. स्वतःचं बूमरँग बनवलंत तर त्यावर स्वतःचं काहीतरी काढा.

घरच्या घरी करून बघायचं असेल तर

लाकडाच्या आधी पुठ्ठा. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच, त्यातली जाड बघून घ्या. १२ सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद अशा ३ पट्ट्या कापा. त्यांची एकेक टोकं एकमेकांवर ठेवून पंख्याच्या पात्यांसारख्या समान अंतरावर स्टेपल करा. तिन्ही टोकं किंचित वर वाकवा, अगदी थोडीच. आता उभं धरा, वर वाकवलेली बाजू तुमच्या डोक्याकडे ठेवा आणि मनगटाने झटका देऊन सरळ समोर सोडा. पंखा बंद हवा. हात आडवा फिरवला तर ते छताला जाऊन चिकटेल. परत येताना दोन्ही तळव्यांत सँडविचसारखं पकडायचं.

फोन इथे खरंच उपयोगी पडतो. एका पंखाला रंगीत टेप लावा आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. टेप पुन्हा त्याच जागी यायला किती फ्रेम लागल्या ते मोजा. २४ लागल्या तर सेकंदाला १० फेऱ्या. फेऱ्या कमी असतील तर मनगट कमी पडतंय, हे लगेच कळतं.

लाकडी बूमरँग घेऊन मैदानात जायचं तर वाऱ्याकडे तोंड करा आणि उजव्या हाताने फेकत असाल तर साधारण ४५ अंश उजवीकडे वळून फेका. डावखुऱ्यांनी डावीकडे. हवामानाचं अॅप वाऱ्याचा जो वेग दाखवतं तो सहसा जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो, त्यामुळे चिमूटभर गवत उडवून बघणं जास्त बरं. झुळूक चालते, झाडाच्या फांद्या हलू लागल्या की घरी परत. मैदान निदान फुटबॉलच्या मैदानाएवढं आणि रिकामं हवं. म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ नकोच, एकाच मैदानात ५ क्रिकेट मॅच चालू असतात. डोळ्यांवर चष्मा ठेवा, आणि परत येताना ते दिसेनासं झालं तर शोधत उभं राहू नका, डोकं हातांनी झाकून खाली बसा.