नाणेघाटातील नाहीशा झालेल्या मूर्ती

सह्याद्रीच्या ज्या घाटवाटांनी कोकणातील बंदरे देशावरील पेठांशी जोडून ठेवली, त्यांत नाणेघाटाची वाट वयाने आणि मानाने थोर होय. कल्याण आणि सोपारा येथे उतरलेला माल डोंगराच्या पायथ्याशी वैशाखऱ्यास यावा, तेथून दगडी चढणीने माथा गाठावा, आणि जुन्नरमार्गे गोदातीरीच्या प्रतिष्ठानास, म्हणजे आजच्या पैठणास, रवाना व्हावा, असा क्रम सातवाहनांच्या काळी रूढ होता. घाटमाथ्यावर अखंड पाषाणात घडविलेला एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीचे नाणे पडत असे, असे त्या मुलखातील लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. पावसाळ्यात कड्यावरून कोसळू पाहणारे पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याने उलट वर फेकले जाते, आणि आज शहरांतून येणारी गर्दी मुख्यतः ते नवल पाहण्यासाठी येते. मला लिहावयाचे आहे ते माथ्याच्या जरा खाली, खिंडीच्या तोंडाशी खोदलेल्या एका चौकोनी लेण्याविषयी.

ह्या लेण्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, एक दीर्घ लेख कोरलेला आहे. आणि समोरच्या भिंतीवर एके काळी राजपुरुषांच्या व राजस्त्रियांच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. त्या मूर्ती आज नाहीत. कोठे पावलांचा अंश, कोठे दगडातील उंचवटा, एवढाच त्यांचा अवशेष. पण मस्तकांच्या वर कोरलेली नावे मात्र अद्याप वाचता येतात. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन: नावे आहेत, आणि नावांखाली माणसे नाहीत. ऊन, पाऊस आणि वारा ह्यांनी दोन हजार वर्षांत त्या झिजविल्या, की कोणा एका राजवटीने दुसऱ्या राजवटीची स्मृती पुसण्यासाठी त्या हातोड्याने उतरविल्या, ह्याचा निर्णय देणारा एकही लेख, एकही दस्तऐवज, आपल्या हाती नाही.

ह्या भिंतीचा विचार करताना मला रिडली स्कॉट ह्या दिग्दर्शकाच्या, 1979 साली प्रदर्शित झालेल्या, ‘एलियन’ ह्या चित्रपटातील एका प्रसंगाची आठवण होते, आणि ती अप्रस्तुत आहे असे मला वाटत नाही. त्यातील ‘नॉस्ट्रोमो’ हे यान मालवाहू आहे, म्हणजे एका अर्थी तो अंतराळातील व्यापारी तांडाच. वाटेत एका अनोळखी ग्रहावरून संदेश येतो. तो मदतीची हाक आहे असे समजून माणसे खाली उतरतात, आणि तेथे एका परक्या, निष्प्राण यानात त्यांना एक प्रचंड देह आसनावर बसलेला आढळतो. तो केव्हाच अश्मीभूत झालेला आहे. त्याच्या बरगड्या आतून बाहेर वाकलेल्या आहेत. तो कोण, कोठला, कोठे निघाला होता, ह्याविषयी तो चित्रपट अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही. पुढे संदेशाचा काही भाग उलगडतो तेव्हा ती मदतीची हाक नसून धोक्याचा इशारा असावा, अशी शंका नायिकेस येते; पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. स्वित्झर्लंडचे चित्रकार गिगर ह्यांच्या कल्पनेतून उतरलेला तो बसलेला देह पडद्यावर काही क्षणच दिसतो, आणि तरी चित्रपट पाहिलेल्या माणसाच्या मनातून तो वर्षानुवर्षे जात नाही. त्याच दिग्दर्शकाने 2012 साली ‘प्रोमिथियस’ हा दुसरा चित्रपट काढून त्या देहाचा वंश, त्याचा हेतू आणि त्याचा इतिहास सांगितला. जे आपण हाडे समजत होतो तो एक पोशाख होता, असेही दाखविले. माझ्या मते त्या खुलाशाने लाभ थोडा झाला आणि हानी मोठी झाली. पहिल्या चित्रपटातील भीतीचे मूळ रक्तपातात नव्हते. आपल्या आधी येथे कोणी तरी आले होते, आणि त्याचे काय झाले हे आपणास कधीच कळणार नाही, ह्या जाणिवेत ते होते.

नाणेघाटाच्या बाबतीतही खुलासे करण्याचा मोह विद्वानांना झाला नाही असे नाही, पण त्यांतील श्रेष्ठांनी तो आवरला, हे त्यांचे मोठेपण. कंपनी सरकारच्या चाकरीतील विल्यम साइक्स ह्यांनी 1828 च्या उन्हाळ्यात हे लेणे पाहिले आणि लेखाची नक्कल उतरून घेतली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तो पाठ शास्त्रशुद्ध रीतीने अभ्यासिला, आणि जर्मन पंडित ब्यूलर ह्यांनी 1883 साली त्याचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले. आपल्या काळात महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी सातवाहनांच्या समग्र लेखांबरोबर त्याचा पुन्हा विचार केला. ह्या वाचनांत अक्षरांपाठोपाठ टिंबांच्या रांगा येतात: दगड फुटला आहे तेथे टिंबे, अक्षर झिजले आहे तेथे टिंबे. आणि ती ज्या जागी येतात, त्या जागा नेमक्या मर्माच्या आहेत.

धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य, आणि चार लोकपाल ह्यांना वंदन करून लेखास आरंभ होतो. मग एका राणीचे वर्णन येते, जी महिनाभर उपवास करते आणि घरात राहूनही तापसीचे जीवन जगते. ही राणी कोण? मोठ्या लेखातील तिच्या नावाची जागा भग्न आहे. भिंतीवरील नावांच्या आधारे ती सातकर्णीची राणी नायनिका, म्हणजे नागनिका, असे आपण ठरविले आहे, आणि ते बहुमतास मान्य आहे. तिच्या मागोमाग यज्ञांची यादी सुरू होते. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, तोही दुसऱ्यांदा, आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचा हिशेब एखाद्या चोख कारकुनाने दफ्तरी नोंदवावा तसा बारकाईने लिहिला आहे: 1700 गाई आणि 10 हत्ती, 11000 गाई आणि 1000 घोडे, 24400 कार्षापणे. भारतीय अंकचिन्हांच्या अगदी प्राचीन उदाहरणांत ह्या लेखातील आकड्यांची गणना होते. पण हे यज्ञ राजाने केले, की राणीने राजासह केले, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही, कारण ज्या शब्दांनी तो निवाडा व्हावयाचा, ते शब्द झिजले आहेत. गाई किती दिल्या हे कळते. कोणी दिल्या, ह्याविषयी वाद राहतो.

ह्याहून गहन प्रश्न त्या नाहीशा झालेल्या मूर्तींचा आहे. भासाच्या नावावर असलेल्या ‘प्रतिमा’ नाटकात, आजोळाहून अयोध्येस परतणारा भरत नगराबाहेरील एका प्रतिमागृहात शिरतो. तेथे आपल्या पूर्वजांच्या मूर्तींच्या ओळीत त्याला पित्याची मूर्ती दिसते. आणि अशा गृहात केवळ दिवंगत राजांच्याच प्रतिमा ठेवतात, हे कळताच दशरथ आता नाही हे त्याला उमगते. नाणेघाटाचे लेणे असेच प्रतिमागृह असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि मथुरेजवळील माट येथील कुषाण राजांचे देवकुल त्यासाठी दाखल्यास घेतले जाते. परंतु भासाचा नियम जर येथे लावावयाचा, तर ह्या भिंतीवरील सगळी माणसे, कुमारांसह, मृत मानावी लागतील. एका तापसी राणीच्या भोवती तिचा पती, तिचे पुत्र आणि तिचा महारठी आप्त ह्या सर्वांच्या स्मृतिशिला उभ्या होत्या काय? की राज्य करणाऱ्या जिवंत घराण्याने, हमरस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सार्थवाहाने पाहाव्यात म्हणून, आपल्या सत्तेची ही ग्वाही खोदविली होती? पहिला तर्क खरा असेल तर हे शोकगृह, दुसरा खरा असेल तर ही राजमुद्रा. आणि भिंत दोन्ही तर्कांना सारखाच आसरा देते. मला स्वतःला दुसरा तर्क अधिक संभवनीय वाटतो, कारण शोकासाठी कोणी जकातीच्या खिंडीत लेणे खोदत नाही. पण हे माझे मत आहे, पुरावा नव्हे.

जुन्नर शहराविषयीही हीच गोष्ट. भोवतालच्या डोंगरांत शेकडा-दीडशेहून अधिक लेणी असलेल्या, 1490 साली मलिक अहमदाने निजामशाहीची पहिली राजधानी केलेल्या, आणि शिवनेरीवर 1630 साली शिवजन्म पाहिलेल्या ह्या नगराचे सातवाहनकालीन नाव निश्चयाने सांगता येत नाही. ग्रीक प्रवासवर्णनातील तगर ते हेच, असे भगवानलाल इंद्रजींचे मत होते. पुढे फ्लीट ह्यांनी तगर म्हणजे धाराशिवजवळील तेर असे दाखविले, आणि जुन्नर पुन्हा निनावी झाले. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा, हे लेखावरून कळते. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, आणि मानमोडीच्या डोंगरात चंद नावाच्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग करविला. हे यवन समुद्र ओलांडून आलेले व्यापारी होते, की ह्याच मातीत दोन-तीन पिढ्या रुजलेले बौद्ध उपासक होते? एकेका ओळीच्या त्या लेखांत दान आहे, नाव आहे, आणि मनुष्याविषयी याहून अधिक काहीही नाही.

कुकडीच्या काठी बोरी गावापाशी तर ह्याहून कितीतरी प्राचीन कोडे मातीत गाडलेले आहे. तेथील नदीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो, आणि राखेच्या खाली आदिमानवाची दगडी हत्यारे सापडतात. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीचा असला तरी तो कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला. ही राख परकी आहे. सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटात ती तीन हजार किलोमीटरांपलीकडून वाऱ्यावर आली, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. दुसऱ्यांनी केलेल्या मापनात तिचे वय सहा लाख वर्षांपलीकडे जाते. ही राख आकाशातून पडत असताना कुकडीकाठी कोणी मनुष्य उभा होता काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या एका आकड्यावर अवलंबून आहे.

आंबेगाव तालुक्याची कथा आपल्याच काळातील आहे, म्हणून ती मी थोडक्यात सांगतो. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि ज्या गावाने तालुक्यास नाव दिले ते आंबेगाव जलाशयात बुडाले. कचेरी घोडेगावात आहे, जलाशयास ह्याच तालुक्यातील हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे, आणि सात-बारावर, निवडणुकीच्या यादीत, एसटीच्या पाटीवर आंबेगाव हे नाव पूर्ववत चालू आहे. नाणेघाटात नावे राहिली आणि मूर्ती गेल्या, त्याचाच हा अर्वाचीन दाखला. फरक इतकाच की येथे गाव कोठे गेले हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत, आणि त्यांच्याकडून ते लिहून घेण्याचे काम अजून होऊ शकते.

जुन्नरच्या पूर्वेस, खोडद येथे, प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या प्रेरणेने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या, त्यांतील 14 मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना पांगलेल्या, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या शियापरेली यानाचा क्षीण संदेश ह्या थाळ्यांनी टिपला, आणि उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात तो संदेश एकाएकी थांबला. त्या घटकेस मौनाचा अर्थ कोणासही लावता येत नव्हता. यंत्रातील चूक पुढे तपासाअंती सापडली. पण चित्रपटातील ती संदिग्ध हाक आणि खोडदचे ते मौन ह्यांच्याकडे पाहिले म्हणजे वाटते, की संदेश हाती येणे आणि त्याचा अर्थ हाती येणे ह्यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात जुन्नरच्या शिलालेखांचे वाचकही गेली जवळजवळ दोनशे वर्षे काम करीत आले आहेत.

तरीही आज त्या परिसराविषयी जे लिहिले जाते, त्यात ही सावधगिरी क्वचित आढळते. माहितीफलक, पर्यटनपुस्तिका आणि दूरध्वनीच्या पडद्यावर फिरणाऱ्या चित्रफिती ह्यांत नागनिकेने कोणता यज्ञ का केला, मूर्ती कोणी फोडल्या, रांजणात दिवसाकाठी किती नाणी जमत, हे सारे ठाम वाक्यांत सांगितलेले असते. लोकांना गोष्ट हवी असते हे मला मान्य आहे, आणि रांजणाची गोष्ट मलाही प्रिय आहे. परंतु लोककथा लोककथा म्हणून सांगावी आणि तर्क तर्क म्हणून. ब्यूलर आणि मिराशींसारख्यांनी जी टिंबे मोठ्या कष्टाने आणि संयमाने राखली, ती आपण एका सुट्टीच्या दिवसासाठी भरून टाकू नयेत.

म्हणून नाणेघाटात जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. धबधबा पाहून झाल्यावर त्या लेण्यात अवश्य जावे. भिंतीस हात लावू नये, तिच्यावर खडूने वा खिळ्याने आपले नाव लिहू नये, कारण दरवर्षी तेथील एखादे अक्षर असेच नाहीसे होण्याचा धोका आहे. आणि पुरातत्त्व खात्याने व जुन्नरच्या शाळांनी त्या लेखाचा संपूर्ण पाठ, भग्न जागा भग्न म्हणून दाखवून, मराठी अर्थासह फलकावर लावावा आणि मुलांच्या हाती द्यावा. हे काम खर्चाचे नाही, आणि ते ह्याच पिढीत व्हावयास हवे.