प्रतिवादी कोण?

इ. स. पूर्व ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेशी अखेरपर्यंत झुंजलेल्या ग्रीकांत स्पार्टाच्या तीनशेंसमवेत थेस्पियाचे सातशे वीरही होते. ‘३००’ या २००६ च्या चित्रपटाने त्या अखेरच्या झुंजीतून त्यांना गाळले. ही चूक दूरदेशीची म्हणून सोडावी, तर तसाच प्रकार आमच्या वांकिडीपाशीही घडला आहे.

वांकिडीच्या जिल्ह्याला २०१६ पासून ज्यांचे नाव आहे, ते गोंड वीर कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडले. जल, जंगल, जमीन यांसाठीचा त्यांचा लढा निजामी अंमलाशी होता. ‘आरआरआर’ या २०२२ च्या चित्रपटात मात्र ते इंग्रजांशी लढतात.

कथा काल्पनिक आहे, हे दिग्दर्शकांनी सांगितलेच होते. कल्पनेस आमची हरकत नाही. कीर्तनकारही आख्यानात रंग भरतो. पण कंसाच्या जागी रावणास उभा करीत नाही. दाव्यातील प्रतिवादीच बदलला, तर फिर्यादीचे गाऱ्हाणेही नाहीसे होते. गोंडांचे गाऱ्हाणे जमिनीचे व जंगलाचे होते. तेच विसरले गेले, तर जिल्ह्याला दिलेले नाव केवळ पाटीवर उरेल.