घरच्या ध्वनिमुद्रणासाठी परवडणारे मॉनिटर स्पीकर

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे महाराष्ट्राच्या सीमेजवळचे गाव. किनवट तिथून फारसे दूर नाही. या पट्ट्यात मराठी भजन, तेलुगू गीते आणि गोंडी-कोलामी गायन शेजारी शेजारी नांदते. राजगोंडांचे परंपरागत गायक असलेले परधान किकरीच्या साथीने कथागायन करतात. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात मारलवाई येथे राहून या समाजाचा अभ्यास केला आणि 1948 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मात्र ग्रंथात शब्द उतरतात, गळा उतरत नाही. गावातील वृद्ध गायकाचा आवाज जपायचा, तर आज संगणक, ऑडिओ इंटरफेस आणि एक खोली एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. त्यापुढचा प्रश्न मॉनिटर स्पीकरचा.

खरेदीचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. ध्वनिमुद्रण चालू असताना मॉनिटर बंदच ठेवावे लागतात, अन्यथा त्यांचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. त्या वेळी कान झाकणारा हेडफोन वापरतात. मॉनिटर लागतो तो नंतर, आवाजांचे परस्पर प्रमाण ठरविताना. मिश्रण बिघडले तर ते पुन्हा करता येते. ऐंशी वर्षांच्या गायकाची बैठक पुन्हा होईलच असे नाही. म्हणून पैसे मोजके असल्यास आधी मायक्रोफोन व हेडफोन घ्यावा, मॉनिटर सहा महिन्यांनी आला तरी चालेल.

घरगुती स्पीकर ऐकणाऱ्याला खूश करण्यासाठी खर्ज व तार बाजू फुगवतात. मॉनिटरकडून अपेक्षा उलट असते: आहे तसे दाखवावे. याचे प्रसिद्ध उदाहरण यामाहाचा एनएस-10. 1978 मध्ये तो घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला आणि जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. त्याची तार बाजू इतकी बोचरी होती की अभियंते ट्विटरवर पातळ टिश्यू कागद लावीत. तरीही त्यावर गोड लागलेले मिश्रण इतरत्र सहसा बिघडत नसे, ही त्याची ख्याती. आजच्या एचएस मालिकेतील पांढरा पडदा ही त्याचीच खूण.

मोठा स्पीकर म्हणजे चांगला स्पीकर, हा समज छोट्या खोलीत महागात पडतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत लांबीमुळे सुमारे 47 आणि रुंदीमुळे सुमारे 56 हर्ट्झला अनुनाद उठतो. छतही दहा फुटांवर असेल तर 56 चा अनुनाद दुणावतो. याच आकड्यांच्या दुपटीला, 94 आणि 112 हर्ट्झच्या आसपास, पुन्हा तेच घडते, आणि डग्ग्याचा घुमारा नेमका याच भागात वावरतो. आठ इंची स्पीकर आणल्याने हा दोष जात नाही, उलट उघडा पडतो. काळी एक पट्टीत पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झला असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या जवळ. म्हणजे भजन, किकरी, संवादिनी यांसाठी पाच इंची वूफर पुरेसा ठरतो.

साडेतीन इंची वर्गातील प्रीसोनस एरिस ई 3.5 साधारण 80 हर्ट्झपर्यंत उतरतो. तानपुऱ्याचा खर्ज त्यात अधिस्वरांवरूनच ओळखावा लागतो, पण शब्दोच्चार तपासण्यास तो उत्तम. पाच इंचीत यामाहा एचएस-5 हा 54 हर्ट्झपर्यंत पोचतो असे कंपनीचा आकडा सांगतो. मात्र तो आकडा आवाज दहा डेसिबलने घसरल्यावरचा आहे. तीन डेसिबलची अट लावली तर मर्यादा 74 हर्ट्झवर येते. जेबीएल 305पी मार्क टू खर्जात अधिक खाली जातो. पत्रकावरील आकड्यांची तुलना करताना किती डेसिबलची सूट घेतली आहे, हे पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. छोट्या वर्गाची जोडी ढोबळमानाने दहा-पंधरा हजारांत बसते, पाच इंची जोडी तीस हजारांच्या आगेमागे जाते. ऑनलाइन दिसणारी किंमत पुष्कळदा एकाच स्पीकरची असते.

मांडणीला पैसे लागत नाहीत, फरक मात्र सर्वांत मोठा पडतो. दोन्ही स्पीकर व डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्विटर कानाच्या उंचीवर यावा. तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेने ठेवावे, कोपरा टाळावा. खोलीच्या मधोमध बसू नये, कारण तेथे 47 आणि 56 हर्ट्झ जवळजवळ नाहीसे होतात; बारा फुटांत समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसणे बरे. स्पीकर मागील भिंतीपासून 85 सेंटीमीटरवर गेला तर 100 हर्ट्झजवळ खड्डा पडतो. त्यामुळे छोट्या खोलीत तो भिंतीजवळ ठेवून मागच्या खटक्याने खर्ज दोन किंवा चार डेसिबलने उतरविणे अधिक सोयीचे. एचएस-5 मध्ये ही सोय आहे. बाजूच्या भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या तर टाळ-झांजांचा खणखणाट निवळतो. खर्जावर गोधडीचा उपाय चालत नाही.

विजेचा विचारही हवा. अर्थिंग नीट नसेल तर मॉनिटरमधून 50 हर्ट्झची गुणगुण येते आणि दोष स्पीकरला दिला जातो. इंटरफेस, संगणक व स्पीकर एकाच फलकावरून चालवावेत आणि जोडणीला बॅलन्स्ड केबल घ्यावी.

नव्या जोडीवर पहिले काही दिवस स्वतःचे काम करू नये. भीमसेन जोशी यांच्या अभंगांसारखी कानात बसलेली मुद्रणे मध्यम आवाजात ऐकावीत, म्हणजे खोली काय वाढवते व काय गिळते ते कळते. मग आपले मिश्रण मोबाइलवर आणि देवळाच्या भोंग्यावरही वाजवून पाहावे. बोथसारख्या गावात ते बहुधा तिथेच ऐकले जाणार आहे. प्रत्येक मायक्रोफोनची मूळ वेव्ह फाइल मात्र दोन ठिकाणी, काहीही न बदलता जपून ठेवावी. एमपी 3 केल्यानंतर मूळ पुसून टाकलेले गायन पुढे कितीही चांगले स्पीकर आणले तरी परत मिळत नाही.